चार माणसं, पाच वाटे

आमच्या बँडचा जमाखर्च लाल कापडी बांधणीच्या एका वहीत आहे. पहिल्या पानावर डिसेंबर २०१२ची नोंद: जमा ३,००० रुपये, टेम्पो ९००, गिटारच्या तारांचा संच ३५०. उरले १,७५०. माणसं आम्ही चार, पण वाटे पाच केले, ३५० रुपयांचा एक. पाचवा वाटा बँडचा. ही पद्धत आमच्या बेसवाल्याने, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्याने, घालून दिली. त्याच्या वडिलांचा मार्केट यार्डात गाळा होता आणि भागीदारी कशी मोडते ते त्याने घरातच पाहिलं होतं. “सगळं चौघांत वाटून टाकलं की बँडकडे काही राहत नाही, आणि बँडकडे काही राहिलं नाही की बँडही राहत नाही,” असं तो त्या रात्री म्हणाला. मला तेव्हा तो हिशेब फार पटला नव्हता. पण पुढच्या तेरा वर्षांत आमच्या हातून जे काही धड झालं, ते त्या पाचव्या वाट्यातून झालं.

मी गिटार वाजवते आणि गाते. कर्वेनगरात वाढले. शाळेत असल्यापासून सदाशिव पेठेत एका बाईंकडे गाणं शिकले, मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या. गिटार मामाने दिली. कोलकात्याची गिव्हसन, तारा फळीपासून इतक्या उंच की दाबून दाबून बोटांना घट्टे पडले. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं गाणं, ऐकत होते, वाजवायचाही प्रयत्न करत होते, पण तो समोर बसून कधी ऐकला नव्हता. फेब्रुवारी २०११मध्ये मुंबईला मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूजचा पहिला महोत्सव झाला. मैत्रिणीकडून तिकिटाचे पैसे उसने घेऊन मी गेले. शिकागोचे ब्लूज गिटारवादक बडी गाइ वाजवणार होते. ते तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी एका जागी आवाज कमी करत करत इतका खाली आणला की तारेवर नख घासल्याचं ऐकू येत होतं. भरलेला हॉल श्वास धरून उभा. मी एवढी वर्षं रॉक म्हणजे जोर असं समजत आले होते. शिवनेरीने रात्री परत येताना माझ्या डोक्यात गाणं एकही नव्हतं, ती शांतता होती.

त्यानंतर एकदा क्लास सुटल्यावर बाईंना गिटारवर एक तुकडा वाजवून दाखवला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, “सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हा तर धानी राग झाला.” मग मी तार वर ओढून गंधार चढवला. बाईंनी डोळे उघडले. “थांब. परत लाव. हा गंधार कुठला? धड कोमल नाही, धड शुद्ध नाही.” मी म्हटलं, बाई, ब्लूजचा जीव तिथेच आहे. त्यांनी पेटी बंद केली, तंबोरा काढला आणि तो स्वर मला गळ्याने लावायला लावला. अर्धा तास तेवढंच. पेटीवर तो सापडत नाही, दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी आहे. “बोटाने सापडला म्हणून आला असं समजू नकोस. कान तिथे पोचला पाहिजे,” बाई म्हणाल्या. आजही स्टेजवर जाण्याआधी मी तो गंधार एकदा गुणगुणून बघते.

बँड जमला तो असा. बेसवाला हिंजवडीत नोकरीला, तो माझ्या कॉलेजचा. दुसरा गिटारवाला त्याचा शेजारी. ड्रमर ढोलताशा पथकातला, नदीपात्रात सरावाला ताशा वाजवायचा. पथकातली ताशेवाली मुलं ऐकली असतील तर कळेल, त्या हातांत काय वेग असतो. पण ब्लूजच्या शफलने त्याला रडवलं. शफल म्हणजे प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करायचे, मधला गाळायचा, पहिला आणि तिसरा वाजवायचा. सांगायला सोपं. ताशाचा ठोका नेमका मात्रेच्या डोक्यावर पडतो आणि पुढे ढकलतो, शफलला मात्र जरा मागे रेलून बसावं लागतं. तीन महिने तो फक्त तेवढंच वाजवत होता. आम्ही तिघं त्यावर बारा मात्रांचं नव्हे, बारा बारचं चक्र फिरवायचो, एक बार म्हणजे चार मात्रा: ई कॉर्डचे चार, एचे दोन, पुन्हा ईचे दोन, मग बी सेव्हन, ए, आणि शेवटचे दोन बार घरी परत. एवढ्याशा घरात लोकांनी शंभर वर्षं संसार केला आहे. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७ या दोन वर्षांत मिळून एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो गेला. मडी वॉटर्स मिसिसिपीच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४३ला शिकागोला गेला, तिथल्या गोंगाटात आवाज पोचावा म्हणून त्याने इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली. पुढे इंग्लंडमधल्या पोरांनी त्यातूनच रॉक उभा केला. रोलिंग स्टोन्सने तर नावच मडीच्या गाण्यावरून घेतलं. हे सगळं आम्ही त्या तीन महिन्यांत एकमेकांना सांगत होतो आणि ड्रमर मान खाली घालून शफल वाजवत होता.

जॅमला, म्हणजे एकत्र सरावाला, जागा हवी होती. ताशी भाड्याचे जॅमपॅड आम्हाला परवडत नव्हते. ड्रमरच्या मामांचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन. गुरुवारी सुट्टी, म्हणून गुरुवार आमचा. अडचण एकच, दुरुस्तीसाठी वीजही गुरुवारीच जायची. कर्वेनगरातून ॲक्टिव्हावर गिटार पाठीला लावून नाशिक फाट्यापर्यंत पोचावं आणि फोन यावा, लाइट सहाला येणार आहे. मग आम्ही कटिंग घेत बाहेर पायरीवर बसायचो आणि नुसत्या तोंडाने गाण्यांचे ठेके म्हणायचो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आधी अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवले. त्याने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, पण आवाज अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. शेवटी पाचव्या वाट्यातून जिप्समचे बोर्ड दुहेरी लावले, मधे रॉकवूल भरलं, दाराच्या फटीला रबर मारला. तेव्हा शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यांनी सांगितलं, “आता ऐकू येत नाही, पण गुरुवारी सवयीने वाट बघतो.”

पहिली चार वर्षं आम्ही दुसऱ्यांची गाणी वाजवली. कोरेगाव पार्क, बाणेर, कधी लोणावळ्याचं रिसॉर्ट. नव्या बँडने यात कमीपणा मानू नये. लोक जेवत असताना तीन सेट वाजवले की हात घोटले जातात आणि कुठल्या गाण्याला चमचे थांबतात ते समोर दिसतं. पण व्यवहार आम्ही ठेच खाऊनच शिकलो. एका हॉटेलने सहा कार्यक्रमांचे पैसे पाच महिने दिले नाहीत. दर वेळी मॅनेजर नवा, दर वेळी “अकाउंट्सला टाकलंय.” शेवटी अर्धे मिळाले, अर्धे आम्ही सोडले. तो महिना चौघांच्या घरी कुरबुरीत गेला. दुसरा गिटारवाला तेव्हा म्हणाला होता की हे आपल्याच्याने होणार नाही, आणि वर्षभरात तो खरंच नोकरीसाठी बेंगळुरूला गेला. त्याच्या जागी आज हार्मोनिका वाजवणारा मित्र आहे आणि आमचा आवाज त्यामुळे मोकळा झाला, हे खरंय. तरी पहिल्या चौघांतला एक गेला की तोंडातला दात पडल्यासारखं वाटतं, जीभ सारखी तिथेच जाते.

त्यानंतर आम्ही सगळं आधी लिहून घ्यायला लागलो. तारीख, वेळ, मानधन, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली वाजवून झाल्यावर त्याच रात्री. साउंड कोणाचा, स्टेजवर आपलं आपल्याला ऐकू यायचे मॉनिटर किती, ड्रम्स तिथे आहेत की आपण न्यायचे, जेवण आहे का. कार्यक्रम उघड्यावर असेल तर आम्ही सेट साडेसातला सुरू करायचा आग्रह धरतो, कारण २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. आयोजक म्हणतात, बघू हो, अकरापर्यंत चालतं. चालत नाही. आणि गाणं मधे तोडून प्लग काढावा लागला तर अपमान वाजवणाऱ्याचा होतो. भाद्रपदात आम्ही कार्यक्रमच घेत नाही, ड्रमर पथकात असतो. त्याला ते सोडायला आम्ही कधी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

२०१६ला पाचव्या वाट्यात ४१,००० रुपये झाले होते. बेसवाल्याचा भाऊ न्यू जर्सीहून येणार होता, त्याच्याकडून आम्ही गिटारचा आवाज मोठा करणारा एक जुना फेंडर ॲम्प मागवला. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा, ४० वॉटचा, वीस किलोच्या वर वजन. व्हॉल्व्हचा ॲम्प जरा जास्त चढवला की आवाज फाटतो, पण ते फाटणं गोड असतं, गायकाचा घसा भरून आल्यासारखं. बोट हलकं ठेवलं की परत स्वच्छ. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर मला हे कधी मिळालं नव्हतं. मात्र हा अमेरिकेच्या १२० व्होल्टवर चालणारा, आपल्याकडे २३०. मधे जोडायला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला होता. तिसऱ्याच कार्यक्रमाला, एका कॉलेजच्या अंगणात, अंधारात घाईघाईने मी ॲम्पची पिन ट्रान्सफॉर्मरऐवजी सरळ बोर्डात घातली. फट् असा आवाज झाला आणि जळक्या वॉर्निशचा वास आला. चूक सर्वस्वी माझी. कार्यक्रम मी गिटार थेट मिक्सरला लावून पार पाडला, काय वाजवलं ते आठवत नाही.

दोन ठिकाणी दाखवला, दोघांनी सांगितलं, याचं काही होणार नाही. मग माझ्या वडिलांना आठवलं की बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या बाजूला, एका वाड्याच्या माडीवर एक काका रेडिओ दुरुस्त करायचे. अजून बसत होते. वय ऐंशीच्या आसपास. खोलीत मर्फी आणि फिलिप्सचे जुने लाकडी रेडिओ छतापर्यंत. ॲम्प त्यांनी टेबलावर उताणा घातला, मागची जाळी काढली आणि म्हणाले, “हात लावू नका कुणी. आधी याला मोकळा करू.” एका रेझिस्टरला दोन वायरी जोडलेल्या होत्या, त्या त्यांनी कपॅसिटरच्या टोकांना टेकवून धरल्या. “बंद करून चार दिवस झाले म्हणून मेला समजायचं नाही. आत चारशे व्होल्ट बसून राहतात.” मग व्हॉल्व्ह एकेक काढून रुमालावर ओळीने ठेवले, बाळाचे दात ठेवावेत तसे. जळाला होता फक्त ॲम्पच्या आतला ट्रान्सफॉर्मर. त्यांनी तो उघडला, जळकी तार मोजून उलगडली आणि नवा २३०चा गुंडाळून घ्यायला रास्ता पेठेतल्या वाइंडिंगवाल्याकडे स्वतः चिठ्ठी लिहून दिली.

पंधरा दिवसांनी गेले. व्हॉल्व्ह नारिंगी झाले तसे काकांनी खोलीतला दिवा मालवला आणि आम्ही दोघं त्या उजेडाकडे बघत बसलो. मी ईचा एक कॉर्ड वाजवला. माडीच्या फळ्या थरथरल्या. त्यांनी डोकं तिरपं करून खालची गुणगुण ऐकली, एक स्क्रू किंचित फिरवला, पुन्हा ऐकलं. आतल्या पत्र्यावर त्यांनी पेन्सिलीने ‘२३०’ आणि तारीख लिहिली आहे. मजुरी सांगितली ३,२००. वहीत ती नोंद आहे, समोर बेसवाल्याने ‘काका’ एवढंच लिहिलंय.

स्वतःची गाणी आम्ही तोवर करत होतो, इंग्रजीत. शब्द व्याकरणाने बरोबर होते, चालही बसायची. पण त्यात माझं आयुष्य नव्हतं. मी कधी मालगाडीत चढून गाव सोडलं नाही, माझ्या गाण्यात मात्र सारख्या आगगाड्या यायच्या. मराठीत लिहून बघितलं तर शब्द अवघडून उभे राहायचे, भावगीत होऊन जायचं. मी जवळजवळ दोन वर्षं एकही ओळ लिहिली नाही.

माझी आजी, आईची आई, मुळशीतल्या एका गावात राहते. २०१८च्या दिवाळीत मी पौडला उतरून तिच्याकडे गेले होते, बरोबर ड्रमर होता, त्याला परतीला तिथून तांदूळ न्यायचा होता. संध्याकाळी पडवीत आजी म्हणाली, “तुझं ते गाणं म्हण की.” मी साध्या गिटारवर एक संथ ब्लूज म्हटला. तिला शब्द कळले नाहीत. तिने विचारलं, “पहिली ओळ दोनदा का म्हणतीस?” मी सांगितलं, असंच असतं, एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, मग तिसरी उत्तराला. पूर्वी लोक गाता गाताच गाणं रचायचे, दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत तिसरी सुचायची. आजी म्हणाली, “मग आमचं काय येगळं व्हतं? जात्यावर दोघी बसायच्या. एकीनं म्हणायचं, समोरचीनं उचलायचं. तवर पहिलीला म्होरली सुचायची.”

आणि ती म्हणायला लागली. जातं अंगणाच्या कडेला पालथं पडलेलं होतं, कित्येक वर्षं कुणी दळलं नव्हतं. तिचा उजवा हात मात्र हवेत खुंटा धरून फिरत होता. ओढताना जोर, ढकलताना सैल. जोर, सैल. ओळीचा शब्द ओढीवर पडायचा आणि श्वास ढकलण्यात जायचा. ड्रमर माझ्याकडे न बघता तिच्या हाताकडे बघत होता. त्याने मांडीवर दोन बोटांनी हळू ठोका धरला. तीन तुकडे, मधला गाळलेला. आम्ही जे सहा वर्षं वाजवत होतो त्याच्या निम्म्या लयीत. परत येताना तो एवढंच म्हणाला, “अगं, आपण पळत होतो.”

एक स्पष्ट सांगते. ब्लूज ज्या लोकांनी घडवला त्यांनी गुलामी भोगली होती, त्यांच्या मुलानातवंडांनी दुसऱ्याच्या मळ्यात कापूस वेचला. आजीचं जातं तिच्या घरातलं होतं. दोन्ही दुःखं मी एका मापात घालत नाही. पण कष्टाच्या हाताने लय ठरवली आणि एकटीचं बोलणं गाण्यात घातलं, हे दोन्हीकडे झालं, आणि दुसरं माझ्या घरात होतं. नंतर मी जात्यावरच्या ओव्यांचा तो मोठा संग्रह ऐकायला घेतला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या, आज पारी या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, कित्येक तर आवाजांसकट. त्यातली एकही ओवी आम्ही उचलली नाही. ती त्या बायांची. मी माझी लिहिली:

दळण सरलं बाई, जातं गं थांबलं
दळण सरलं बाई, जातं गं थांबलं
मनातलं बोलणं माझं पिठामधी सांडलं

आधी मी ‘पिठात सांडलं’ लिहिलं होतं. आजीने फोनवर ऐकून सांगितलं, “पिठात न्हाई, पिठामधी म्हण. हात फिरायला जागा र्‍हाऊ दे.” तिचं बरोबर होतं. ‘पिठात’ म्हटलं की ओळ धापकन बसायची.

२०१९च्या पावसाळ्यात पाच गाणी ध्वनिमुद्रित केली. पाचव्या वाट्यात ८६,००० होते, त्यात स्टुडिओचे तीन दिवस, मिक्सिंग आणि मास्टरिंग बसवायचं होतं. आजकाल प्रत्येक वाद्य वेगळं घेतात, कानात टकटक वाजत असते, चुकलं की तेवढाच तुकडा परत. आम्ही ठरवलं, चौघांनी एका खोलीत बसून एकदम वाजवायचं, टकटक नको. इंजिनिअरने समजावलं की ड्रम्सच्या माइकात सगळं शिरेल, नंतर एखाद्याची चूक पुसता येणार नाही. मान्य, म्हटलं. ॲम्प बाहेरच्या बोळात ठेवला, वर गोधडी, समोर एसएम५७ माइक. काकांचा ‘२३०’ आतल्या बाजूला.

पहिले दोन दिवस चार गाणी झाली, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, नीट झाली. जात्याचं गाणं शेवटच्या दिवशी होतं आणि त्या दिवशी ड्रमरला ताप. पहिला टेक कोरडा. दुसऱ्यात मी गंधार चढवला तो शुद्धावर जाऊन बसला, बाईंनी तिथेच थांबवलं असतं. तिसऱ्यात सगळं बरोबर होतं, आणि ऐकताना कुणीच काही बोललं नाही. मग ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या, ब्रश घेतले, आणि म्हणाला, “मला दिसेल असा हात फिरव.” मी पहिल्या दोन ओळी गिटार सोडून दिली. उजवा हात खुंटा धरल्यासारखा फिरवत गायले, तो माझ्या हाताकडे बघत वाजवत होता. बेस फक्त ओढीवर. हार्मोनिका पूर्ण कडवंभर गप्प. दुसऱ्या कडव्यानंतर एका जागी चौघंही एकाच वेळी थांबलो, ठरवलेलं नव्हतं. त्या फटीत बाहेरच्या पन्हाळीचं पाणी ऐकू येतं. इंजिनिअर म्हणाला, ते काढून टाकू का? नको. तो चौथा टेक गाण्यात आहे, पाण्यासकट.

त्याच रात्री स्टुडिओच्या जिन्यात बसून कागद केला. गाणं कोणाचं किती, हे लिहून चौघांनी सह्या केल्या. शब्द माझे असले तरी प्रत्येकाचा हिस्सा सारखा, पंचवीस टक्के. हा कागद ज्यांनी वेळेवर केला नाही अशा बँडांची भांडणं मी जवळून पाहिली आहेत. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला, पण तो मिळायला आधी गाणं कोणाचं ते कुठेतरी नोंदलेलं लागतं. आम्ही आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घेतलं, गाणी नोंदवली. आजीला विचारलं, तुझाही वाटा लिहू का. ती म्हणाली, “लेकीकडचं घेत न्हाईत, बाय.” मी अजूनही तिला पटवते आहे.

गाणी बाहेर यायला मार्च २०२० उजाडला आणि टाळेबंदी लागली. ठरलेले कार्यक्रम गेले. गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या वितरकाची वार्षिक वर्गणी भरली, प्रत्येक गाण्याला आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक मिळाला, स्पॉटिफाय आणि इतर ठिकाणी गाणी चढली. तिथून येणाऱ्या पैशांवर कुणी बँड चालवायचा विचार करू नये. २०२४पासून तर स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. आमच्या पाचांपैकी दोन गाणी त्या रेषेच्या खाली आहेत. मला त्याचा राग येतो आणि तो जावा असंही वाटत नाही. लहान बँडची लहान रक्कमसुद्धा त्याचीच असते. आमचं पोट मी गिटार शिकवते त्यावर, बाकीच्यांचं नोकऱ्यांवर चालतं. बँड मात्र स्वतःच्या पैशावर चालतो, त्याला आमच्यापैकी कुणीही पगारातला रुपया कधी दिलेला नाही. मला विचाराल तर स्वतंत्र बँड या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ तोच आहे.

गेल्या वर्षी आजीच्या गावच्या जत्रेत वाजवलं. मानधन नव्हतं, जेवण आणि नारळ. देवळासमोर छोटं स्टेज, तमाशाच्या फडाआधी आम्हाला अर्धा तास. पहिली दोन गाणी मुलांनी पुढे येऊन ऐकली, बाया मागे भिंतीशी बसून होत्या. तिसरं जात्याचं. मी पहिली ओळ म्हटली. दुसऱ्यांदा तीच ओळ म्हणायला तोंड उघडलं तर ती भिंतीकडून आली. कुणी सांगितलं नव्हतं, पंधरा-वीस जणींनी उचलली, आजीने शिकवल्यासारखी. ड्रमर हसून माझ्याकडे बघत होता, त्याने चक्र फिरतं ठेवलं. पुढच्या कडव्याला तिसऱ्या ओळीच्या आधी मी जरा थांबले, आणि मागून एका म्हातारीने स्वतःची घातली:

मनातलं बोलणं माझं लेकीनं गं येचलं

सांडलेलं पीठ वेचावं तसं. मी तीच ओळ परत म्हटली, आणि आता आम्ही प्रत्येक ठिकाणी गाणं तिथेच संपवतो.

म्हणून पुढच्या गुरुवारी भोसरीला न जाता आम्ही चौघं कागद घेऊन त्या म्हातारीच्या घरी गेलो. या गाण्यापुरते पाच वाटे, वीस टक्क्यांचा एक, तिचा अंगठा किंवा सही हवी होती. तिने कागद सुनेकडून वाचून घेतला, नीट समजून घेतला, पैसे कधी येतात आणि किती, तेही विचारलं. मी खरं ते सांगितलं. मग म्हणाली, आधी गाणं ऐकव. बेसवाल्याने फोन तिच्या कानाशी धरला. पन्हाळीच्या पाण्यापर्यंत ती हलली नाही. गाणं संपल्यावर तिने पहिल्यांदा आमच्या ड्रमरकडे पाहिलं.

“चांगलंय. पर दुसऱ्यांदा म्हणताना एवढी घाई का करतंय रं? समोरचीला उचलू तरी दे.”

सही तिने केली, सावकाश, तीन अक्षरी. येत्या गुरुवारी लाइट असेल तर दुसरी ओळ आणखी सैल करून बघायची आहे.